कठीण दगडाची पूड: नमुना नीट, तर निकाल नीट

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके काळ्या दगडाचे. शिवनेरीचा किल्ला आणि लेण्याद्रीची लेणी याच दगडात आहेत, आणि आज घराला, पुलाला, रस्त्याला लागणारी खडीही याच कातळातून निघते. मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात खाण, क्रशर, ट्रक, वेल्डिंग आणि लेथ यांवर कित्येक घरांची रोजी चालते. आम्ही कापडाचे व्यापारी, दगड हा आमचा धंदा नाही. पण माल पास होतो की नापास, हा प्रश्न प्रत्येक व्यापाऱ्याचा आहे. खडीच्या धंद्यात त्याचे उत्तर प्रयोगशाळेच्या कागदावर येते. तो कागद कसा तयार होतो, हे माल विकणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

कुटणे वेगळे, घासणे वेगळे

घरातला इमामदस्ता सर्वांना माहीत आहे. हळकुंड फोडायचे तर आपण बत्ता वरून मारतो, आणि बारीक करायचे तेव्हा तो फिरवतो. प्रयोगशाळेतही हीच दोन कामे आहेत. कठीण पण ठिसूळ वस्तू, म्हणजे दगड, काच, चिनी माती, धातूचा मळ, एका जोरदार आघाताने फुटते, कारण तिच्या अंगात आधीच बारीक भेगा असतात आणि फटका त्या भेगांतून पळतो. चिवट वस्तूचे तसे नाही. जुन्नरला पूर्वी आपल्या कागदी मंडळींची कागद बनवण्याची मोठी कारागिरी होती. तिथेही लगदा जड हातोड्याखाली कुटत, पण तंतू तुटत नसे, तो फक्त पिंजला जाई. दगड मात्र फुटतो. म्हणून दगडासाठी आधी आघात आणि मग घर्षण, हा क्रम ठरलेला आहे.

आघाताचे सर्वांत साधे साधन म्हणजे पोलादी खल. एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनतज्ज्ञ प्लॅटनर यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचे भाग तीनच: खाली खळगा असलेली बैठक, त्यात बसणारी नळी आणि नळीत सरकणारा दांडा. खडा नळीत टाकायचा, दांडा ठेवायचा आणि वरून हातोडा मारायचा. नळीमुळे एक कणही बाहेर उडत नाही. इथे दांडा फिरवायचा नसतो. फिरवला की पोलाद झिजते आणि झीज नमुन्यात मिसळते. बारीक पूड करण्यासाठी पुढे अकीकाचा खल किंवा कडी-चकतीची यांत्रिक चक्की वापरतात. अकीक कठीण असला तरी ठिसूळ आहे. त्यात ठोकले तर खलच तडकेल, त्यात फक्त घोटायचे.

खडीची परीक्षा

खडीच्या व्यापाऱ्याचा संबंध येतो तो आघात मूल्याच्या चाचणीशी. तिची पद्धत भारतीय मानक २३८६, भाग ४ (१९६३) मध्ये दिली आहे. १२.५ मि.मी.च्या चाळणीतून पडलेली आणि १० मि.मी.वर राहिलेली खडी घेतात. ती १०० ते ११० अंश तापमानाला चार तास सुकवून थंड करतात. पोलादी वाटीत भरून सळईने २५ वेळा ठासतात. मग साडेतेरा ते चौदा किलोचा हातोडा ३८० मि.मी. उंचीवरून १५ वेळा पडू देतात. फुटलेला माल २.३६ मि.मी.च्या चाळणीने चाळतात. जितका भुगा खाली पडेल, त्याचे मूळ वजनाशी शेकडा प्रमाण म्हणजे आघात मूल्य.

उदाहरण घेऊ. ३५० ग्रॅम खडीतून ५६ ग्रॅम भुगा पडला, तर मूल्य १६ टक्के. आकडा जितका कमी, तितका दगड मजबूत. ज्या काँक्रीटवर वाहने चालतात आणि पृष्ठभाग झिजतो, त्याला ३० टक्क्यांपर्यंत चालते. इतर काँक्रीटला ४५ पर्यंत. डांबरी रस्त्याच्या अगदी वरच्या थराला राष्ट्रीय महामार्गांच्या नियमात २४ टक्क्यांची मर्यादा आहे.

आपल्या भागातला घट्ट काळा दगड या परीक्षेत सहसा चांगला उतरतो. पण एकाच खाणीत सगळा दगड सारखा नसतो. लाव्हाच्या प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो आणि वरचा भाग बुडबुड्यांचा. त्या बुडबुड्यांत नंतर पांढरी, चमकदार खनिजे भरली. पाहायला ती सुंदर, पण फटक्याला कमजोर. असा पांढऱ्या ठिपक्यांचा किंवा मुरमाड दगड चांगल्या डबरात मिसळला, की आकडा चढतो.

इथेच खरा वाद असतो. ढिगाच्या वरून ओंजळभर खडी उचलून परीक्षा केली तर निकाल त्या ओंजळीचा लागतो, ढिगाचा नाही. कापडाच्या गाठीची पारख कोणी वरच्या थानावरून करत नाही. खडीसाठीही कायदा तोच. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून माल घ्यावा, एकत्र कालवून गोल ढीग करावा, त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकावेत, आणि नमुना पुरेसा लहान होईपर्यंत असेच करत जावे.

पुडीतली मिलावट

दगडात काय काय आहे, हे रासायनिक परीक्षेने पाहायचे असेल तर मैद्यासारखी पूड लागते. तेव्हा भांडे कशाचे आहे, हे महत्त्वाचे. पोलादी भांडे लोखंड आणि क्रोमियम सोडते, टंगस्टन कार्बाइडचे भांडे टंगस्टन आणि कोबाल्ट, अकीकाचे सिलिका. जे मोजायचे आहे, तेच सोडणारे भांडे कधी घेऊ नये. कोणी म्हणेल, लोखंडाची झीज चुंबकाने काढू. आपल्या काळ्या दगडात हे चालत नाही. त्याच्या अंगातच चुंबकाला चिकटणारे खनिज आहे, झिजेबरोबर नमुनाही निघून जाईल. दोन नमुन्यांच्या मध्ये स्वच्छ गारेचे तुकडे दळून फेकून द्यावेत, म्हणजे भांडे धुतले जाते.

मिसळलेल्या कणांची भीती किती मोठी असते, याचा दाखला जुन्नर तालुक्यातच आहे. कुकडी नदीकाठच्या बोरी गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि तिथे अश्मयुगीन हत्यारेही सापडली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर मोठे काम केले. १९८० च्या दशकातील मोजणीत राखेचे वय सुमारे १४ लाख वर्षे आले. १९९० च्या दशकात एका मोजणीत ते पावणेसात लाखांच्या आसपास निघाले, तर इतर संशोधकांनी राखेची रासायनिक घडण सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी जुळवून ते सुमारे ७४ हजार वर्षे सांगितले. थर एक आणि वये तीन! नदीने वाहून आणलेल्या राखेत भोवतालच्या साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या दगडाचे कण मिसळू शकतात, आणि थोडेसे जुने कणही वय वाढवायला पुरतात. म्हणून अशा कामात दळण्याआधी निवडणे येते.

व्यापाऱ्याने आणि कारागिराने काय करावे

खडी पुरवणाऱ्याने नमुना घेताना स्वतः हजर राहावे. नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही पिशव्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या व तारीख घ्यावी, आणि एक पिशवी आपल्याकडे ठेवावी. अहवालात कोणत्या मानकाने परीक्षा झाली आणि किती वजन घेतले, हे वाचावे. माल नापास झाला तर भांडण करण्याऐवजी दुसरी पिशवी दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यावी. खाणीतला ठिपक्यांचा दगड वेगळा ठेवून भरावाला विकावा. चांगल्या मालात मिसळून दोन्हीचा भाव घालवू नये.

लेथवाल्या भावांसाठीही यात काम आहे. तीन भागांचा पोलादी खल बनवायला मोठा कारखाना लागत नाही. चांगले हत्यारी पोलाद, नेमके माप आणि योग्य पाणी देणे, एवढे हुनर लागते. आघात चाचणीच्या यंत्रात मात्र हातोड्याचे वजन, उंची आणि वाटीचे माप मानकाप्रमाणेच हवे. हातोडा हलका असेल किंवा कमी उंचीवरून पडेल, तर कमजोर दगडही पास होईल.

एक सूचना शेवटची, पण सर्वांत मोठी. दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मास्क असावा. गारेची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, आणि त्या आजारावर इलाज नाही. मजुरालाही चष्मा आणि मास्क मालकाने द्यावा. हा खर्च धंद्याच्या हिशोबातच धरावा.