डोक्यास गंभीर मार : मेंदूची दुसरी इजा टाळण्यासाठी

डोक्यास जबर मार लागून बेशुद्ध झालेल्या माणसाच्या मेंदूस प्रायः दोनदा इजा पोहोचते. पहिली इजा आघाताच्या क्षणीच होते आणि त्या वेळी तुटलेले मज्जातंतू पुन्हा सांधण्याचा उपाय आजही वैद्यकशास्त्रापाशी नाही. दुसरी इजा त्यानंतरच्या काही तासांत व दिवसांत होते. मेंदूस सूज येते, कवटीत रक्त साठते, श्वास अडखळतो, रक्तदाब उतरतो आणि मेंदूचा जो भाग आघातातून वाचलेला असतो तोही प्राणवायूअभावी मरू लागतो. अतिदक्षता विभागातील उपचारांचा सारा रोख या दुसऱ्या इजेवर असतो. मेंदूवर काही रामबाण औषध चालू आहे, अशी नातेवाइकांची समजूत असते. वस्तुतः मेंदूस सावरण्याइतकी उसंत मिळवून देणे हेच तेथील काम होय.

याचे कारण कवटीच्या रचनेत आहे. प्रौढ माणसाची कवटी म्हणजे हाडांची बंद पेटी. तीत सुमारे ८० टक्के जागा मेंदूने व्यापलेली असते. उरलेल्या जागेत रक्त आणि मेंदूभोवतालचा द्रव असतो. ही पेटी ताणली जात नाही, तेव्हा आतील एक घटक वाढला की दुसऱ्यास जागा सोडावी लागते, हा विचार स्कॉटलंडमधील अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये व जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये मांडला. मुरगळलेल्या पायाची सूज बाहेरच्या बाजूस वाढू शकते. मेंदूच्या सुजेला तसा वाव नाही. प्रथम द्रव पाठीच्या कण्याकडे सरकतो, मग शिरांतील रक्त कमी होते, आणि ही सोय संपली की दाब झपाट्याने चढतो. निरोगी प्रौढ व्यक्तीत कवटीतील दाब साधारणतः पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आत असतो. तो २२ च्या वर गेल्यास उपचार करावेत, असे २०१६ पासूनचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. दाब फार वाढला तर हृदयाकडून आलेले रक्त मेंदूत शिरेनासे होते. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला हा अवयव एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के वापरतो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा अडथळ्याचा परिणाम ध्यानी येईल.

रुग्णाची स्थिती अजमावण्यासाठी ग्लासगो येथील ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये तयार केलेली गुणपद्धती जगभर वापरली जाते. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल करणे यांस मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. अशा रुग्णास स्वतःचा श्वासमार्ग मोकळा ठेवता येत नाही. म्हणून श्वासनलिकेत नळी घालून त्यास कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवतात. सीटी स्कॅनमध्ये मोठी गाठ आढळली तर आधी शस्त्रक्रिया करून ती काढावी लागते.

पुढचे उपचार पाहणाऱ्यास कदाचित साधे वाटतील. खाटेची उशाकडील बाजू सुमारे ३० अंश वर उचलतात व मान सरळ ठेवतात, जेणेकरून शिरांतील रक्त सहज उतरावे. गुंगीच्या औषधांनी मेंदूची प्राणवायूची गरज कमी करतात. ताप चढू देत नाहीत. ग्लुकोजची सलाइन सूज वाढवू शकते. म्हणून मिठाची सलाइन दिली जाते. दाब चढलाच तर मॅनिटॉल अथवा तीव्र मिठाचे द्रावण देऊन मेंदूतील पाणी खेचून घेतात. दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या पाहणारी परिचारिका ही या विभागाची खरी पहारेकरी असते. एक बाहुली अकस्मात मोठी झाली, तर शल्यविशारदास तत्काळ पाचारण करावे लागते.

साधनांची टंचाई असलेल्या रुग्णालयांनी एका अभ्यासाची नोंद अवश्य घ्यावी. बोलिव्हिया व इक्वेडोर या देशांतील ३२४ रुग्णांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींच्या कवटीत दाब मोजणारे साधन बसविले होते, तर काहींवर केवळ तपासणी व स्कॅन यांच्या आधारे उपचार झाले. दोन्ही गटांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. दाब मोजणे निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. दुसऱ्या गटावरही ठरावीक पद्धतीने व कसोशीने देखरेख झाली होती.

रूढ उपचारही तपासून घ्यावे लागतात. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड देण्याची प्रथा अनेक वर्षे होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०,००८ रुग्णांच्या चाचणीत, हे औषध दिलेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावल्याचे दिसले. तेव्हापासून अशा रुग्णांस सुजेसाठी ते देऊ नये, असे ठरले. कवटीचा तुकडा काढून सुजेला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया याहून बिकट प्रश्न उभा करते. इतर उपायांनी दाब उतरत नसलेल्या रुग्णांविषयीच्या २०१६ च्या अहवालानुसार, तिच्यामुळे सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण ४८.९ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर आले. मात्र कायम निश्चेष्ट राहिलेल्यांचे प्रमाण २.१ वरून ८.५ टक्के झाले. संमतिपत्रावर सही करणाऱ्या नातेवाइकांस या दोन्ही बाजू सांगितल्या जाणे हा त्यांचा हक्क आहे.

दुसरी इजा मात्र अतिदक्षता विभागाच्या दारात रुग्ण पोहोचण्याची वाट पाहत नाही. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, तर मृत्यूचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत आढळले. म्हणून वाहता रक्तस्राव दाबून धरणे, तोंडातील रक्त व वांती काढून श्वास मोकळा करणे आणि मान न वळवता रुग्णास उचलणे ही कामे रस्त्यावरच व्हावयास हवीत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. जवळच्या रुग्णालयात स्कॅनची सोय नसली, तरी रुग्णास मोठ्या शहरी धाडण्यापूर्वी त्याचा श्वास व रक्तदाब स्थिर करणे तेथे शक्य असते. पोलिसांच्या चौकशीस भिऊन पुष्कळ लोक जखमीस हात लावीत नसत. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १३४-अ नुसार, सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. ही गोष्ट ग्रामसभेत वाचून दाखविण्याजोगी आहे.

रुग्ण घरी परतल्यावर बाहेरून धडधाकट दिसतो. परंतु विस्मरण, चिडचिड, लवकर थकवा व लक्ष न लागणे या तक्रारी महिनोन्‌महिने राहू शकतात. शाळकरी मुलाच्या बाबतीत हे सर्वप्रथम वर्गशिक्षकाच्याच नजरेस येते. पूर्वी पाढे घडाघडा म्हणणारे मूल अडखळू लागले, तर त्यास आळशी न ठरवता प्रारंभी अर्धा वेळ शाळा, अधूनमधून विश्रांती व लेखी कामात सवलत द्यावी. आणि डोकेदुखी, वांत्या वा झटके दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.