मोटारसायकलची चावी देण्याआधी परवाना पाहा

परंडा, उमरगा, नळदुर्गच्या बाजाराला मोटारसायकलवर माल बांधून जाणारे आपले अनेक बांधव आम्ही पाहतो. दुकानातल्या पोराच्या हाती चावी देताना मात्र परवाना कोणी विचारत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार विनापरवाना चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे आणि गाडी देणाऱ्या मालकालाही तेवढाच. अपघात झाला तर जखमीला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

गिअरच्या गाडीसाठी वय १८ पूर्ण हवे. आधी शिकाऊ परवाना काढावा; त्याची मुदत सहा महिने. ३० दिवसांनंतर धाराशिवच्या परिवहन कार्यालयात चाचणी देता येते. प्रशिक्षण वर्ग सक्तीचा नाही, तरी जाणत्याकडून शिकूनच चाचणीला जावे. एका दिवसाचा खाडा परवडतो, दुकान विकून भरपाई देणे परवडत नाही.