दप्तर आपले, किल्ली परक्याची

जुलै 2025 च्या उत्तरार्धात, मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीच्या नोकरवर्गाला स्वतःच्याच टपालपेट्या उघडता येईनाशा झाल्या. कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातेत वाडिनार येथे. त्याची वार्षिक क्षमता दोन कोटी टनांची. आणि कंपनीत रोसनेफ्ट या रशियन कंपनीचा हिस्सा 49.13 टक्क्यांचा. 18 जुलै रोजी युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांचा अठरावा संच जाहीर केला, त्यात हा कारखाना गोवला गेला, आणि पुढल्या चार दिवसांत मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा बंद केल्या. परवान्याची रक्कम पूर्ण चुकती केलेली होती, असे कंपनीचे म्हणणे. भारत सरकारचा मनाईहुकूम नव्हता, भारतीय न्यायालयाचा निवाडा नव्हता. ब्रसेल्स येथील ठरावाचा अंमल अमेरिकेतील एका कंपनीने मुंबईत बसविला. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि महिनाअखेर सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात टपालाची सोय रेडिफ या मुंबईच्याच जुन्या कंपनीकडे करावी लागली, असे वृत्त आले.

या प्रकरणातला विनोद कडवट आहे, तो असा की ज्या युरोपाच्या ठरावामुळे हे घडले, तो युरोप स्वतः नेमक्या याच भयाने गेली काही वर्षे ग्रासलेला आहे. अमेरिकेने मार्च 2018 मध्ये ‘क्लाउड’ कायदा करून आपल्या कंपन्यांकडील माहिती, ती कोणत्याही देशात साठविलेली असो, मागविण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. 16 जुलै 2020 रोजी युरोपीय न्यायालयाने अमेरिकेशी झालेला माहिती-हस्तांतरणाचा करार रद्दबातल ठरविला. आणि 2025 मध्ये युरो चलनाच्या तेव्हाच्या वीस देशांपैकी तेरा देशांत तर कार्डाने पैसे देण्याची स्वदेशी यंत्रणाच नव्हती, कार्डांचे व्यवहार परदेशी कंपन्यांच्या हातून होत. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन या प्रांताने 2024 च्या एप्रिलात सुमारे तीस हजार सरकारी नोकरांचे लेखनकाम मायक्रोसॉफ्टवरून लिब्रे ऑफिस या मुक्त प्रणालीवर नेण्याचा निर्णय केला. त्यात देशाभिमानापेक्षा दफ्तरी व्यवहारज्ञान अधिक आहे, आणि म्हणूनच तो मला अधिक आश्वासक वाटतो.

युरोपाची ही जागृती प्रथमच झालेली नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेने फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाला कंट्रोल डेटा कंपनीचे बलाढ्य गणकयंत्र देण्यास प्रतिबंध केला; बुल ही फ्रेंच कंपनी 1964 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या ताब्यात गेली; आणि या दुहेरी अपमानातून जनरल द गॉल यांच्या सरकारने 1966 मध्ये ‘प्लॅन काल्क्युल’ ही राष्ट्रीय गणकयोजना आखली. तिच्यातून निघालेली कंपनी पुढे जर्मनीच्या सीमेन्स व हॉलंडच्या फिलिप्स यांच्याशी संयुक्त झाली, परंतु 1975 मध्ये खुद्द फ्रान्सनेच त्या संघातून अंग काढून घेतले आणि कंपनी अमेरिकन भांडवलाच्या हनीवेल-बुलमध्ये विलीन केली. ब्रिटनची कथा तर आपल्याशी थेट येऊन भिडते. तेथील सरकारने 1978 मध्ये सार्वजनिक पैशाने इन्मॉस ही अर्धवाहक चकत्यांची कंपनी स्थापिली, तिने ‘ट्रान्सप्यूटर’ नावाची, अनेकांनी एकत्र काम करावे अशा बेताची चकती निर्माण केली, आणि 1984 मध्ये, ते फळ बाजारात पुरते येण्याच्या आतच, थॅचरबाईंच्या सरकारने कंपनी विकून टाकली.

ती चकती कामास आली पुण्यात. भारताला हवा होता तो क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारला, आणि शेवटी दिला तो कमी शक्तीचा व केवळ हवामानाच्या कामापुरता. तेव्हा 1988 मध्ये पुणे येथे सी-डॅक ही संस्था निघाली, विजय भटकर तिचे प्रमुख झाले, आणि तीन वर्षांच्या मुदतीत, 1991 साली, शेकड्यांनी ट्रान्सप्यूटर जोडता येतील अशा रचनेचा ‘परम 8000’ उभा राहिला. त्या यशाचे पोवाडे आपण पुष्कळ गाइले, ते गाण्याजोगेही होते. परंतु यंत्राची रचना व ते चालविणारी प्रणाली पुण्याची असली तरी त्याच्या पोटातली चकती ब्रिटिश करदात्याच्या पैशातून जन्मलेली होती, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. ब्रिटनने चकती घडवून कंपनी गमावली. आपण यंत्र घडविले, पण त्यातली चकती मात्र घडविली नाही. नकार मिळाला की इरेस पेटावे आणि परवानगी मिळाली की निवांत व्हावे, ही युरोपाची आणि आपली, दोघांचीही वहिवाट.

ही वहिवाट आज कोठे दिसते ते पाहण्यासाठी आता ठाण्याकडे वळू. 1962 च्या ऑगस्टात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार सुरू झाला तो ठाण्यातील खोपट भागाजवळच्या वागळे इस्टेटीत. ठाणे-बेलापूर पट्टाही त्याच महामंडळाच्या हाताखाली वाढला. त्या पट्ट्यात ऐरोली-महापे येथे, जिथे रसायनांचे कारखाने होते, तिथे आज माहिती साठविणारी अजस्र केंद्रे उभी आहेत, आणि 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात राज्य शासनाने अशा केंद्रांना सवलतीही देऊ केल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवण्याची सक्ती केली, ती योग्यच होती. पण नायराचे प्रकरण सांगते की इमारत ऐरोलीत असणे आणि मुखत्यारी आपल्याकडे असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

पैशाच्या बाबतीत आपण युरोपाच्या पुढे आहोत, हे नाकारण्याचे कारण नाही. मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळाने 2012 मध्ये रुपे कार्ड आणि 2016 मध्ये यूपीआय आणले, तर युरोपीय बँकांचे ‘वेरो’ अवतरले 2024 च्या जुलैत. खोपटच्या एस.टी. स्थानकाबाहेर चहाचे पंधरा रुपये मोबाइलवरून चुकते होतात, तेव्हा हिशेबाचा मार्ग आपल्याच महामंडळाचा असतो. तथापि त्या मार्गावरील बहुतांश वाहतूक गूगल पे आणि वॉलमार्टच्या मालकीचे फोनपे या दोन दरवाजांतून जाते. कोणा एकाचा वाटा तीस टक्क्यांहून अधिक नसावा हा नियम 2020 मध्ये ठरला, आणि त्याच्या पालनाची मुदत वाढत वाढत 31 डिसेंबर 2026 पर्यंत आली आहे.

शासनाने माहिती केंद्रांना सवलत द्यावी, परंतु सरकारी दप्तर ज्या केंद्रात असेल तेथे दोन अटी करारात लिहून घ्याव्यात: भारतीय हुकुमावाचून सेवा थांबणार नाही, आणि दप्तर मुक्त स्वरूपात, दुसऱ्या प्रणालीवर उघडेल असेच ठेवले जाईल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी जन्ममृत्यूच्या नोंदी व घरपट्टीच्या खात्यांपासून याचा आरंभ केला, तर त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.