लोणारचा खार

रिसोडच्या पश्चिमेस, वाशीम जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे वसलेले लोणार आज अशनीच्या आघाताने निर्माण झालेल्या विवरासाठी जगप्रसिद्ध असले, तरी १९७३ साली शास्त्रज्ञांनी त्या आघाताचा सप्रमाण निर्वाळा देण्यापूर्वी कित्येक शतके व्यापाऱ्यांना आणि महसुली अंमलदारांना हे गाव परिचित होते, ते सरोवराच्या तळाशी साठणाऱ्या खारामुळे. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात बाशीम (म्हणजे वाशीम) आणि मेहकर ही दोन्ही सरकारे, म्हणजे सुभ्याचे विभाग, होती. त्यांपैकी मेहकर सरकारातील लोणारला काच व साबण यांस लागणारे पदार्थ मिळतात आणि येथून राज्याला चांगले उत्पन्न होते, अशी नोंद अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त करून ठेवली आहे.

सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या या विवरात पावसाचे आणि झऱ्यांचे पाणी काळ्या पाषाणातील क्षार विरघळवीत उतरते. त्याला बाहेर जाण्यास वाट नाही, आणि वऱ्हाडातले ऊन पाण्याची वाफ करून नेते तेव्हा क्षार मात्र जागीच राहतात. काठावरच्या धारेचे पाणी गोडे, आणि तेच खाली कमळजादेवीच्या देवळापाशी पोहोचले म्हणजे असे खारट की साबणासारखे बुळबुळीत लागते! उन्हाळ्यात पाणी मागे हटले की उघड्या चिखलावर पांढुरकी खपली धरते. बोटांनी चुरडली तर तिची भुकटी होते.

पूर्वी हा खार खणून काढीत व टोपल्यांनी वर आणीत. त्यातला घट्ट, शुद्ध तो दल्ला. शिवाय खुप्पल, पापडी, भुस्की अशा त्याच्या प्रती होत्या. काचेच्या बांगड्या, साबण आणि कापडाचे रंगकाम यांसाठी त्याला गिऱ्हाईक असे. विवराच्या त्या उभ्या चढावरून ओझे वाहणाऱ्या माणसांचे श्रम महसुलाच्या आकड्यांत कोठेच दिसत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

पुढे कारखान्यात तयार होणारा सोडा स्वस्त मिळू लागल्यावर हा उद्योग मागे पडला. २००० साली येथे अभयारण्य झाले आणि २०२० साली सरोवराची रामसर स्थळांत गणना झाली. खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म जीवसृष्टी पाहता हे संरक्षण मला सर्वस्वी योग्य वाटते. मात्र विवराच्या कडेवर अशनीची हकीकत सांगताना दल्ला खणणाऱ्यांची हकीकतही तितक्याच ठळकपणे सांगितली जावी. या गावाचे पोट त्यांनीही भरले होते.