डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका

तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत रक्तदान शिबिर होतं. शिफ्ट सुटली की कामगार रांगेत उभे राहतात, रक्त देतात, चहा-बिस्किट घेऊन बोईसर स्टेशनची वाट धरतात. काही दिवसांनी त्यातल्या एखाद्याला रक्तपेढीतून फोन येतो, ‘एकदा येऊन भेटून जा.’ आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासावी लागते, आणि एखादी चाचणी खटकली की असा निरोप जातो. ज्याला फोन येतो तो बहुधा घाबरतो. कुणी पुन्हा फोनच उचलत नाही. कुणी जातो, ‘एचसीव्ही रिॲक्टिव्ह’ हे शब्द ऐकतो, घरी येऊन आरशात डोळे बघतो. डोळे स्वच्छ. जेवण जातंय, कामाला अंगात ताकद आहे. मग कसली कावीळ, म्हणून तो कागद कपाटात जातो.

तो कागद कपाटातून काढावा, यासाठी हा लेख आहे. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू, आणि हिपॅटायटिस सी आज पूर्ण बरा होतो. तीन महिने गोळ्या घ्यायच्या, सरकारी कार्यक्रमात त्या फुकट मिळतात, आणि शंभरात पंचाण्णवांहून जास्त लोकांच्या रक्तातून विषाणू कायमचा जातो. अडचण औषधाची उरलेली नाही. आपल्याला हा आजार आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसतं, ही खरी अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली जगात सुमारे 5 कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू होता, त्यातले 55 लाख भारतात. त्या एका वर्षात जगभर 2 लाख 42 हजार माणसं याने गेली.

‘कावीळ झाली तर दिसतेच की’

सगळ्या गैरसमजांचं मूळ इथे आहे, म्हणून यावर जरा थांबू.

पावसाळ्यात वस्तीत जी कावीळ येते, डोळे पिवळे, लघवी पिवळी, अन्नावरची वासना उडालेली, ती बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की ती पसरते. गरोदर बाईला ई जिवावर बेतू शकतो, आधीच लिव्हर खराब असलेल्यालाही. पण धडधाकट माणूस बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. हे ‘आपोआप’ लक्षात ठेवायला हवं. कारण त्याच काही आठवड्यांत कुणी कावीळ उतरवायला गेलेलं असतं.

पालघर, डहाणू, जव्हारकडे हे अजून चालतं. भगत रुग्णाच्या हातांना झाडाच्या सालीचा रस चोळतो, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो. पाणी पिवळंजर्द होतं. कावीळ डोळ्यांदेखत उतरताना दिसते. खरं म्हणजे आंब्यासारख्या झाडाच्या सालीचा रस चुन्याशी मिळाला की पिवळा रंग येतो; ठणठणीत माणसाने तसेच हात धुतले तरी पाणी तितकंच पिवळं होईल. गळ्यात घातलेली औषधी काड्यांची माळ दिवसागणिक लांबत जाते, कारण काड्या सुकून बारीक होतात आणि गाठी सैलावतात. भगताकडे जाणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. दवाखाना लांब, एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली, आणि भगत आपल्या भाषेत, आपल्या अंगणात बसून ऐकून घेतो. पण ए आणि ई जाणारच होती, ती गेली. सी तशी जात नाही. मनगटावर डाग देण्याची रीत मात्र एकाच शब्दात सांगायची तर टाळा. त्याने जखम होते, दुसरं काही नाही.

सी विषाणू अंगात शिरला की बहुतेकांना काहीच होत नाही. थोडा थकवा, कधी बारीक ताप, तोही कामाच्या दगदगीत खपून जातो. शंभरातल्या साधारण तिसेकांचं शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणू स्वतःच हटवतं. उरलेल्या सत्तरेक जणांत तो मुक्काम ठोकतो. पुढे वीस वर्षांत त्यांच्यातल्या 15 ते 30 टक्क्यांचं लिव्हर कडक, गाठाळ होतं, म्हणजे सिरॉसिस. आणि त्यातून काहींना लिव्हरचा कॅन्सर. या आजारात डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली, तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो. हिपॅटायटिस बी हा वेगळा विषाणू, पण तोही असाच गप्प राहतो. अमिताभ बच्चन यांना 1982 च्या ‘कुली’च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून बी झाला आणि तो साधारण वीस वर्षांनी एका नेहमीच्या तपासणीत कळला, तोवर लिव्हरचा मोठा भाग निकामी झाला होता. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे.

‘कंपनीच्या वार्षिक तपासणीत लिव्हर नॉर्मल आलंय’

लिव्हरच्या तपासणीतला एसजीपीटी नॉर्मल असूनही सी असू शकतो. हा आकडा वरखाली होत राहतो, आणि तपासलं त्या दिवशी तो खाली असेल तर कागद स्वच्छ दिसतो. एचसीव्हीची चाचणी वेगळी सांगावी लागते.

‘इथल्या केमिकलनेच लिव्हर जातात’

बोईसर परिसरात हे हमखास ऐकू येतं, आणि त्यामागचा राग खरा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशातलं सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं. काही रासायनिक द्रावकांनी लिव्हरला इजा होते, हेही शास्त्राला मान्य आहे. पण हिपॅटायटिस सी केमिकलने होत नाही, हवेने होत नाही, आणि 1969 पासून चालू असलेल्या तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तो रक्तातून रक्तात जातो, एवढाच त्याचा रस्ता. सगळ्याचं खापर कंपनीवर फोडलं की चाचणी राहून जाते, आणि बरा होण्यासारखा आजार तसाच राहतो. ज्याचं काम रोज रसायनांत आहे त्याने तर उलट आधी तपासून घ्यावं. एका लिव्हरवर दोन ओझी कशाला?

‘मी दारूला शिवत नाही, मला कसा होईल?’

दारूने हा विषाणू येत नाही. ताडीनेही येत नाही. असलेल्या आजाराला मात्र दारू जोर देते, त्यामुळे निदान झाल्यावर ती बंद करायलाच हवी. पण ‘लिव्हरचा आजार म्हणजे बेवडा’ हा शिक्का इतका घट्ट बसलाय की, माळकरी माणूसही हा रिपोर्ट घरात दाखवायला कचरतो. शस्त्रक्रियेत चढलेलं रक्त, लहानपणी घेतलेली सुई, प्रसूतीनंतर लावलेली रक्ताची पिशवी, यांतलं काहीही कारण असू शकतं. आपल्याकडे रक्तपेढ्यांत सीची चाचणी सक्तीची झाली ती या शतकाच्या तोंडावर. विषाणूचा शोधच मुळी 1989 मधला. त्याआधीचं रक्त तपासणार तरी कशाने? त्या शोधासाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं.

पालघर जिल्ह्यात आणखी एक गट आहे, त्याच्याकडे कुणाचं फार लक्ष जात नाही. इथल्या आदिवासी घरांमध्ये सिकलसेल आहे. त्यातल्या काही मुलांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. तसंच डायलिसिसवर असलेल्यांचं. पिशवी तपासलेली असली तरी संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणीतून तो निसटू शकतो. म्हणून या मंडळींची तपासणी एकदाच करून भागत नाही, ठरावीक काळाने करत राहावी लागते.

‘सुई घेतल्याशिवाय बरं वाटत नाही’

डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या तर पैसे वाया गेले असं वाटणारी माणसं कामगार वस्तीत कमी नाहीत. अंग दुखलं, सुई द्या. अशक्तपणा आला, सलाईन लावा. सुई नवी असेल तर बिघडत नाही. पण सुई बदलून सिरिंज तीच ठेवली तरी धोका राहतोच, कारण सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा विषाणू काही आठवडेसुद्धा तग धरतो. शेजारच्या गुजरातमध्ये, मोडासा इथे, 2009 साली हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ आली ती वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. ‘डॉक्टर, पाकीट माझ्यासमोर फोडा’ असं म्हणायला संकोच वाटतो, ते मला कळतं. तरी म्हणा. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

नाक्यावरच्या सलूनमध्ये नवं ब्लेड मागा. जत्रेत गोंदवून घ्यायचं असेल तर सुई आणि रंगाची वाटी दोन्ही नवी हवीत; बहुतेकांचं लक्ष सुईकडे असतं, वाटीकडे नसतं. नशेची सुई वाटून घेणाऱ्यांमध्ये हा आजार सर्वांत झपाट्याने पसरतो, आणि त्यांनाही उपचार तितकेच लागू पडतात.

‘त्याचं ताट-वाटी वेगळं ठेवा’

नको. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, एका संडासाने, एकाच्या उष्ट्या पाण्याने हा पसरत नाही. कॅन्टीनमध्ये पोळ्या करणाऱ्या बाईला सी असेल तरी तिच्या हातचं खायला हरकत नाही, आणि यावरून तिला कामावरून काढणं हा सरळ अन्याय आहे. दात घासायचा ब्रश, दाढीचं ब्लेड, नेलकटर एवढंच वेगळं ठेवायचं. नवरा-बायकोत संसर्गाची शक्यता थोडी असते, फार नसते. दोघांनी एकदा तपासून घ्यावं. आईकडून बाळाला जाण्याची शक्यता शंभरात पाच-सहा. आई अंगावर पाजू शकते, स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत नसेल तर. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात बरेच महिने राहतात, म्हणून बाळाची साधी चाचणी दीड वर्षानंतर करायची.

‘उपचार आजारापेक्षा भयंकर’

हे एकेकाळी खरं होतं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं सहा महिने, वर्षभर घ्यावी लागत; ताप, केस गळणं, मन खचणं, आणि एवढं करून साधारण निम्मेच बरे होत. मग डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर आलं. बारा आठवड्यांचा कोर्स 84 गोळ्यांचा आणि किंमत 84 हजार डॉलर, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. 2014 मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवायचा परवाना मिळाला आणि 2015 च्या मार्चमध्ये 28 गोळ्यांची बाटली इथे 19 हजार 900 रुपयांना आली. पुढे किंमत आणखी उतरली. 28 जुलै 2018 ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणी व औषध दोन्ही मोफत झालं.

आता बहुतेकांना सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर, रोज एकदा, बारा आठवडे. लिव्हर कडक झालं असेल तर दुसरी गोळी बदलते आणि काहींना चोवीस आठवडे घ्यावं लागतं. थोडी डोकेदुखी, थोडा थकवा, यापलीकडे फारसा त्रास होत नाही. कामावर जाता येतं. दोन गोष्टी डॉक्टरांना आधी सांगायलाच हव्यात. टीबीची औषधं चालू असतील तर त्यातलं रिफाम्पिसिन या गोळ्यांचा परिणाम घालवतं. फिट्सच्या काही गोळ्यांचंही तसंच. आणि हिपॅटायटिस बीची चाचणी सुरुवातीलाच करायची, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. गरोदरपणात हे औषध सहसा देत नाहीत, नंतर देतात.

पथ्याचं म्हणाल तर हळद बंद, तेल बंद, नुसता उसाचा रस, यातलं काही नको. साधं घरचं जेवण चालतं. बाहेरच्या रसातला बर्फच कधी कधी ए किंवा ई घेऊन येतो, ते वेगळंच.

‘बरा झालो म्हणतात, पण रिपोर्ट अजून पॉझिटिव्ह येतो’

पहिली चाचणी प्रतिपिंडांची. बोटाला टोच, प्लास्टिकच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यावर द्रावणाचे दोन-तीन थेंब, आणि वीसेक मिनिटांत गरोदरपणाच्या किटवर येतात तशा एक किंवा दोन रेघा. दुसरी रेघ उमटली म्हणजे विषाणू कधीतरी अंगात आला होता. आज आहे का, ते सांगते आरएनए चाचणी, म्हणजे व्हायरल लोड. टीबीसाठी जी जीनएक्सपर्ट, ट्रूनॅट यंत्रं आहेत, त्यांवर तीही होते. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए नसेल तर माणूस बरा. पट्टीवरची दुसरी रेघ मात्र बहुतेकांना आयुष्यभर उमटत राहते. नवी नोकरी, नवं मेडिकल, की पुन्हा तीच रेघ आणि पुन्हा तोच धसका. म्हणून बरा झाल्याचा आरएनए रिपोर्ट जपून ठेवा, झेरॉक्स काढून ठेवा. बरं झाल्यावरही रक्तदान करता येत नाही. नव्या संसर्गापासून संरक्षण मिळत नाही, सीची लसही अजून नाही. ज्यांना सिरॉसिस झालेला होता त्यांनी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची.

पूर्वी रक्त चढलेलं असेल, डायलिसिस असेल, गोंदवून घेतलं असेल, नशेची सुई कधीही टोचली असेल, अगदी एकदासुद्धा, एचआयव्ही असेल, घरात कुणाला सी निघाला असेल, सुई-सलाईनवाल्या दवाखान्यात वर्षानुवर्षं गेला असाल, तर जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ‘एचसीव्हीची चाचणी करायची आहे’ असं सांगा. पॉझिटिव्ह आलात तर उपचार केंद्र कुठलं ते तिथेच विचारा. बरे झालेल्यांनी सोबत जावं, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगण्यापेक्षा शेजारच्या मशीनवरचा माणूस ‘मी गोळ्या खाल्ल्या, काही झालं नाही’ म्हणतो तेव्हा फोन न उचलणाराही ऐकतो. जाताना आधार कार्ड, जुनी डिस्चार्ज फाइल आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. रिकामी असली तरी चालतील, नाव वाचता आलं पाहिजे.