तीन दिवसांच्या पावसाची बेरीज

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात एस.टी.ची एक गाडी नेहमीप्रमाणे माळीण गावाकडे आली. चालकाला गाव दिसेना. जिथे घरे असायची तिथे चिखल, दगड आणि उन्मळलेली झाडे होती. गावामागचा डोंगर खचला होता आणि दीडशेच्या आसपास माणसे त्याखाली गेली होती. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती त्या गाडीच्या चालकामुळे.

पुढे २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच जिल्ह्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वाडी गाडली गेली. तिथे मोटारीचा रस्ता नव्हता. मदतीला आलेल्या जवानांना डोंगर पायी चढावा लागला. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला.

भूगोलाच्या पुस्तकात ‘भूस्खलन’ हा शब्द असतो. त्याची व्याख्या विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण सह्याद्रीच्या उतारावरील शेकडो वाड्यांमध्ये हा शब्द म्हणजे डोक्यावरचा डोंगर असतो. अशा वाडीतील लोकांच्या हाती काय असते, हे आपण या लेखात पाहू.

डोंगर का घसरतो?

यासाठी एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहावा. कोरड्या वाळूचा ढीग करा. त्याच्या बाजू एका ठरावीक उतारापेक्षा जास्त उभ्या राहत नाहीत, वाळू ओघळते. आता वाळू थोडी ओली करा. मुलांनी किल्ला करताना अनुभवलेलेच असते की ओल्या वाळूची भिंत सरळ उभी राहते. कणांमधील पाण्याचा पातळ थर पृष्ठताणामुळे त्यांना एकत्र धरून ठेवतो. आता झारीने हळूहळू पाणी घालत राहा. काही वेळ काहीच होणार नाही. मग एका क्षणी भिंत एकदम बसेल आणि वाळू वाहू लागेल.

थोडे पाणी मातीला बांधते, जास्त पाणी तिला मोकळे सोडते. असे का होते? मातीचे कण एकमेकांवर दाबले जातात म्हणून त्यांच्यात घर्षण असते आणि घर्षणामुळे उतार टिकतो. कणांमधील सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की त्या पाण्यालाही दाब येतो. वरच्या थराचे काही वजन आता पाणीच उचलून धरते. कण एकमेकांवर कमी दाबले जातात, घर्षण घटते. त्याच वेळी पाण्यामुळे थराचे एकूण वजन मात्र वाढलेले असते. ओढणारे बल वाढले आणि धरणारे बल कमी झाले की थर निसटतो.

सह्याद्रीत याला खडकाच्या रचनेची जोड मिळते. इथला बेसॉल्ट थराथरांचा आहे. वरचा भाग हजारो वर्षांच्या ऊनपावसाने झिजून त्याचा मुरूम आणि माती झाली आहे, खाली कठीण कातळ आहे. पावसाचे पाणी मुरमातून झिरपते, कातळावर अडते आणि त्याच सांध्यावर साठू लागते. घसरगुंडी तयार होते ती इथे.

एका हेक्टरवर किती पाणी?

‘काल शंभर मिलिमीटर पाऊस पडला’ असे आपण वाचतो, पण त्याचा अर्थ मनात उतरत नाही. हिशोब करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा शंभर मिलिमीटर पावसात एका हेक्टरवर दहा लाख लिटर, म्हणजे हजार टन पाणी पडते. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका हेक्टरच्या उतारावर रिकामे केल्यासारखे! त्यातले बरेचसे वाहून जाते, पण जे मुरते ते लगेच बाहेर पडत नाही.

म्हणूनच एका दिवसाचा आकडा पुरेसा नसतो. आदल्या दोन दिवसांत माती किती भरली आहे, यावर आजच्या पावसाचा परिणाम ठरतो. इर्शाळवाडीच्या परिसरात दुर्घटनेपूर्वीच्या तीन दिवसांत सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस झाल्याचे विधानसभेत सांगण्यात आले होते. वर केलेल्या हिशोबाने हे एका हेक्टरवर पाच हजार टन होतात.

डोंगर अमुक दिवशी अमुक वाजता खचेल, हे कोणीही सांगू शकत नाही. पण माती किती भरली आहे याचा अंदाज तीन दिवसांच्या पावसाच्या बेरजेवरून नक्की करता येतो. ही बेरीज चौथीच्या मुलालाही जमते.

आपला पाऊस आपण मोजावा

इथे कोणी म्हणेल, पाऊस मोजायला सरकारी केंद्रे आहेत की! आहेत, पण ती सगळ्या वाड्यांवर नाहीत. सह्याद्रीत दहा-पंधरा किलोमीटरवर पावसाचा आकडा दुपटीने बदलू शकतो. तालुक्याच्या गावी सत्तर मिलिमीटर पडला, तेव्हा घाटमाथ्याजवळच्या वाडीवर दोनशे पडलेला असू शकतो.

पर्जन्यमापक तयार करणे कठीण नाही. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा किंवा प्लॅस्टिकची मोठी बरणी घ्यावी. तोंड आणि तळ यांचा व्यास सारखाच हवा, म्हणजे आत साठलेल्या पाण्याची उंची मोजपट्टीने मोजली की तोच पाऊस मिलिमीटरमध्ये मिळतो. डबा उघड्यावर ठेवावा. जवळच्या झाडापासून किंवा भिंतीपासून तो तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असावा. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद घेऊन डबा रिकामा करावा. मुसळधार पावसात दर तीन तासांनी नोंद घ्यावी. मात्र रात्री हे काम मुलांवर सोपवू नये.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘जोरदार’, ११५.६ च्या पुढे ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस समजतात. तुलनेसाठी एवढे पुरे की जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

आकडा आधी ठरवावा लागतो

पावसाच्या आकड्यावरून इशारा देण्याची पद्धत नवी नाही. हाँगकाँग हे शहर उभ्या डोंगरउतारांवर वसले आहे. १८ जून १९७२ या एकाच दिवशी तिथे दोन ठिकाणी उतार कोसळून १३८ माणसे मेली. १९७७ मध्ये तिथे उतारांसाठी वेगळे कार्यालय स्थापन झाले आणि त्याच वर्षापासून पावसाच्या नोंदींवरून दरडीचा इशारा देणे सुरू झाले. हाँगकाँगचा आकडा आपल्याकडे चालणार नाही, कारण माती, खडक आणि पाऊस सगळेच वेगळे. आपला आकडा आपल्या नोंदींवरून, भूवैज्ञानिक आणि तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाच्या सल्ल्याने ठरवावा लागेल.

पण खरी अडचण आकड्याची नसते. बेरीज ठरलेल्या आकड्यापुढे गेली, लोक भर पावसात घर सोडून निघाले आणि डोंगराला काहीच झाले नाही, तर? दुसऱ्या वेळीही काही झाले नाही, तर? तिसऱ्या वेळी कोण निघेल? गोठ्यातील जनावरे, कणगीतले भात, अंथरुणावरची म्हातारी माणसे यांना सोडून निघणे सोपे नसते. ‘लोक ऐकत नाहीत’ असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही.

उपाय असा की निघणे सोपे करावे. त्यासाठीचे सगळे निर्णय मे महिन्यातच, गावसभेत घ्यावेत. कोणती इमारत वापरायची, ती स्वतः उताराखाली किंवा ओढ्याच्या काठी नाही ना, जनावरे कुठे बांधायची, कोणत्या म्हाताऱ्यांना कोणी उचलून न्यायचे, दोन रात्रींचा शिधा कोणाकडे ठेवायचा, किल्ली कोणाकडे असेल. पुष्कळदा ही इमारत म्हणजे शाळाच असते, तेव्हा शिक्षक या सभेत हवेतच. धोका टळला तर ‘उगाच गेलो’ असे न म्हणता ‘सराव झाला’ असे म्हणायची सवय लागली पाहिजे.

डोंगराची लक्षणे

पावसाच्या आकड्याबरोबर डोंगराकडेही लक्ष हवे. उतारावर नव्या भेगा पडणे, जुन्या भेगा रुंदावणे. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणे, आटणे किंवा नव्या जागी पाणी फुटणे. झाडे किंवा विजेचे खांब कलणे. घराच्या भिंतीला तडे जाणे, दारे अडकू लागणे. डोंगरातून दगड घरंगळण्याचा आवाज येणे. यातील एकही लक्षण दिसले तर आकड्याची वाट पाहू नये. लगेच निघावे आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवावे. रानात रोज जाणाऱ्या बायामाणसांना आणि गुराख्यांना हे बदल सर्वांत आधी दिसतात. त्यांचे म्हणणे नोंदवहीत लिहून घ्यावे.

धोकादायक गावांच्या सरकारी याद्या असतात, त्या उपयोगी आहेत. पण इर्शाळवाडीचे नाव अशा यादीत नव्हते. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. उताराचा पायथा कापून रस्ता किंवा घर बांधले, यंत्राने उतार सपाट केला, पाण्याची जुनी वाट बुजवली, तर कालचा सुरक्षित डोंगर आज तसा राहत नाही. शिवाय हवा जितकी तापते तितकी तिच्यात जास्त वाफ मावते, दर अंशाला सुमारे सात टक्के. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्याचे अभ्यासात दिसले आहे. आजोबांच्या आठवणीतील पाऊस आता पुरेसा आधार नाही.

काही वाड्यांना जागा बदलण्यावाचून मार्ग नाही. माळीणचे पुनर्वसन झाले, पण ते दुर्घटनेनंतर. जिथे स्थलांतर व्हायला वर्षे लागतील, तिथे दरम्यानचे पावसाळे लोकांना त्याच उताराखाली काढायचे आहेत.

बहुतेक शाळांत फळ्याच्या कोपऱ्यात वार, दिनांक आणि सुविचार लिहिलेला असतो. जूनपासून त्याखाली आणखी दोन आकडे लिहावेत, असे आम्ही सुचवतो: कालचा पाऊस आणि तीन दिवसांची बेरीज. मुले घरी जाऊन तो आकडा सांगतील. पहिल्या वर्षी लोक हसतील. दुसऱ्या वर्षी विचारू लागतील, “आज किती झाला?” तो प्रश्न गावात रोज विचारला जाऊ लागला, की अर्धे काम झाले असे समजावे.