काळीच्या उगमाकडे निघण्यापूर्वी : अणशी, दिग्गी आणि सहलीचे नियोजन

7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्रीनंतर कारवारजवळचा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. पुलावरून जाणारा एक ट्रक पाण्यात गेला; त्याच्या चालकाला स्थानिक मच्छीमारांच्या मदतीने वाचविण्यात आले. त्या घटनेने गोवा-कारवार वाहतूक काही काळ ठप्प झाली आणि अनेक गोमंतकीयांना काळी नदी प्रथमच नावाने आठवली. एरवी काणकोण, पोळे, माजाळी ओलांडून जाणाऱ्यास ती सदाशिवगडाच्या पायथ्याशी पसरलेले विस्तीर्ण पाणी एवढ्यापुरतीच परिचयाची असते. उजवीकडे समुद्र, डावीकडे दूरवर निळसर डोंगर. त्या डोंगरांत अणशी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यांच्याही पलीकडे, गोव्याच्या सीमेलगत, जोयडा तालुक्यातील दिग्गी या लहानशा गावाजवळ ही नदी उगम पावते. तेथून सुमारे 184 किलोमीटरचा वळसा घेऊन ती समुद्राला मिळते.

पावसाळा ओसरला की गोव्यातून अणशी-दांडेलीकडे जाणाऱ्या वाहनांची संख्या वाढू लागते. अलीकडे या सहलींत ‘काळीचा उगम पाहू या’ अशीही एक टूम निघाली आहे. नकाशावर दिग्गी सांगे तालुक्याला अगदी खेटून दिसते, त्यामुळे ती अर्ध्या दिवसाची फेरी असावी असा समज होतो. हा समज चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे नीट ध्यानात घेतले तर अर्धे नियोजन तेथेच होऊन जाते.

सीमेच्या अलीकडे नेत्रावळी अभयारण्य आहे, पलीकडे काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. मध्ये सह्याद्रीची कड उभी आहे. सांग्याहून डोंगर चढून थेट दिग्गीला नेणारा मोटाररस्ता नाही. पूर्वी माणसे पायवाटांनी ये-जा करीत; आज त्या वाटांनी परवानगीवाचून जाणे म्हणजे एका राज्याच्या संरक्षित वनातून दुसऱ्या राज्याच्या संरक्षित वनात घुसणे होय. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार तो दोन्हीकडे गुन्हा ठरतो. म्हणून गोव्यातून जाणाऱ्यास दोनच मार्ग उरतात. पहिला कारवारहून कद्रामार्गे अणशी घाट चढून कुंभारवाडा व जोयड्याकडे जाणारा. दुसरा फोंडा, मोले, अनमोड घाट, रामनगर असा. मडगाव-काणकोणच्या लोकांना पहिला सोयीचा, फोंडा-डिचोलीच्या लोकांना दुसरा. दोन्ही घाट पावसात बेभरवशाचे असतात. दरडी कोसळणे आणि रस्ता खचणे हे या घाटांना नवे नाही. जून ते सप्टेंबर या काळात निघण्याच्या आदल्या दिवशी रस्त्याची चौकशी केल्याशिवाय वाहन बाहेर काढू नये.

शक्य असल्यास जाताना कारवारचा मार्ग धरावा आणि येताना अनमोडचा. कारवारहून अणशी साधारण 50 ते 60 किलोमीटर. पण या टप्प्यात एका नदीचे सारे आयुष्य उलट्या क्रमाने डोळ्यांसमोरून जाते. प्रथम खाडी, मग कद्र्याचे धरण, जवळच कैगा अणुविद्युत केंद्र, मग घाट, आणि घाटमाथ्यावर सदाहरित अरण्य. आणखी वर गणेशगुडीला 101 मीटर उंचीचे सुपा धरण आहे. जुने सुपा गाव त्याच धरणाच्या पाण्याखाली गेले. ते तालुक्याचे मुख्य ठिकाण होते आणि तालुकाही सुपा याच नावाने ओळखला जाई. विस्थापितांपैकी अनेकांची वसाहत रामनगरला झाली. अनमोडमार्गे परतताना चहासाठी जेथे गाडी थांबते ते रामनगर हेच.

आता उद्यानाविषयी. दांडेली अभयारण्य 1956 मध्ये झाले. त्याचा एक भाग वेगळा काढून 1987 मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्र सुमारे 340 चौरस किलोमीटर आहे. 2007 मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्याला काळी नदीचे नाव मिळाले. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जातात, कायद्यात मात्र त्यांत मोठे अंतर आहे. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क चालू ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही मनाई असते. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात तर पर्यटकाला ठरवून दिलेल्या रस्त्यापलीकडे पाऊल टाकता येत नाही. अणशीतून जाणारा राज्य मार्ग सार्वजनिक आहे म्हणून वाटेत कोठेही गाडी उभी करून ओढ्यात उतरावे, वानरांना केळी घालावीत, असे नाही. दुर्दैवाने शनिवार-रविवारी नेमके हेच दृश्य दिसते.

खासगी वाहनातून सफारी करता येत नाही. दांडेलीच्या बाजूस, कुळगी-फणसोली परिसरात, वन खात्याच्या व्यवस्थेतील वाहनांतूनच ती होते; सकाळी एक फेरी, दुपारनंतर दुसरी. पावसाळ्यात ती बंद असते. मुक्कामासाठी कुळगी आणि अणशी येथे खात्याची निसर्ग शिबिरे आहेत, दांडेलीस राज्य सरकारच्या जंगल लॉजेसचे शिबिर आहे, आणि गणेशगुडी ते जोयडा या पट्ट्यात खासगी होमस्टे उदंड झाले आहेत. होमस्टे निवडताना त्याची नोंदणी आहे का हे विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. जंगलातील पदभ्रमणाच्या वाटांसाठी कर्नाटक वन खात्याने ‘अरण्य विहार’ ही ऑनलाइन नोंदणीची व्यवस्था केली आहे. कोणती वाट खुली आणि कोणती बंद, हे तेथेच पाहावे. ‘आमच्या ओळखीचा माणूस आत नेईल’ असे सांगणाऱ्याच्या मागे जाऊ नये. पकडले गेल्यास दंड पर्यटक भरून मोकळा होतो, ओळखीचा माणूस मात्र त्याच गावात राहणार असतो.

वाघ दिसेल या आशेने जाणाऱ्याची बहुधा निराशा होते. हे दाट, ओलसर, पानांनी गच्च भरलेले जंगल आहे. मध्य भारतातल्या उघड्या वनांसारखे येथे प्राणी सहज नजरेस पडत नाहीत. गवा, सांबर, भेकर, शेकरू दिसू शकतात. दांडेलीच्या परिसरात काळा बिबटा आहे, म्हणून छायाचित्रकारांची गर्दी असते. खरे वैभव पक्ष्यांचे. नदीकाठच्या उंच झाडांवर धनेश थव्याने उतरतात, आणि त्यांच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्याआधीच कानी येतो. त्यासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये उकाडा असतो, पण प्राणी पाणवठ्यावर येतात. पावसात जळवा अंगावर चढतात आणि रस्तेही बंद होतात. तरीही ज्यांना जावयाचे असेल त्यांनी अनमोड वा अणशीचा घाटरस्ता पाहून परतावे.

एक दक्षता क्वचितच सांगितली जाते. माकडताप हा सत्तरीतल्या लोकांना चांगला ठाऊक असलेला आजार उत्तर कन्नड जिल्ह्यातही आढळतो. तो जंगलातील गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा जोर थंडी-उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत, म्हणजे नेमका सहलींच्या मोसमात असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पालापाचोळ्यात बसू नये, मुक्कामी परतल्यावर अंग नीट तपासावे, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे. दुसरी गोष्ट थोडी वेगळी. माजाळी आणि अनमोड या दोन्ही नाक्यांवर अबकारी तपासणी होते. गोव्यातली स्वस्त दारू डिकीत भरून निघालेल्यांची सहल कित्येकदा तेथेच संपते. इंधन कारवार, रामनगर वा दांडेलीस भरून घ्यावे. मोबाइलचे जाळे घाटमाथ्यावर तुटते, म्हणून रोख पैसे जवळ असावेत आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी.

राहता राहिली दिग्गी. उगमाजवळ काय दिसते, असा प्रश्न विचारला जातो. पर्यटनाच्या अर्थाने तेथे फारसे काही नाही. भातशेतीचे तुकडे, सुपारीची झाडे, विखुरलेली कुणबी घरे आणि भोवती जंगल. जोयड्यातील कुणबी समाजाचे नाते गोव्याशी आहे. पूर्वज पोर्तुगीज काळात घाट चढून वर आले असे परंपरेने सांगितले जाते. घरात कोकणी, देवळात आणि भजनात मराठी, शाळेत कन्नड अशी त्यांची भाषिक घडण आहे. सुरण, कणगी, अळूचे कंद यांची त्यांची लागवड प्रसिद्ध असून जोयड्यात कंदमुळांचा मेळाही भरतो. गोव्यातील कुणबी, गावडा व वेळीप या समाजांचा 2003 मध्ये अनुसूचित जमातींत समावेश झाला. डोंगरापलीकडच्या कुणब्यांची तीच मागणी अजून पूर्ण झालेली नाही.

अशा गावांसमोर आज एक कठीण निवड आहे. व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास केंद्राच्या योजनेनुसार मिळणारी रक्कम 2021 मध्ये 10 लाखांवरून 15 लाख रुपये झाली. जोयडा तालुक्यातील काही कुटुंबांनी ती घेतली, काहींनी नाकारली. जे राहिले त्यांच्यासाठी रस्त्याचा, पुलाचा, विजेच्या तारेचा प्रत्येक प्रस्ताव वन कायद्याच्या चाळणीतून जातो. पावसाळ्यात ओढे भरले की तालुक्यातील दुर्गम वस्त्यांवरून आजारी माणसाला झोळीतून उचलून आणण्याची वेळ येते. दिग्गीच्या दिशेने जाणाऱ्या पर्यटकाला ज्या खडतर रस्त्याचे अप्रूप वाटते, तोच रस्ता तेथल्या मुलांचा शाळेचा आणि गरोदर स्त्रीचा दवाखान्याचा रस्ता आहे.

म्हणून दिग्गीला जायचेच असेल तर कुंभारवाडा वा जोयड्यात वन खात्याच्या कार्यालयात आधी विचारावे, स्थानिक माणूस सोबत घ्यावा आणि त्याला त्याचे दाम द्यावे. कोरडा मोसम असावा, वाहन लहान असावे, सकाळी जाऊन उजेडी परतावे. गावात कोणाच्या घरी जेवण सांगायचे तर आदल्या दिवशी निरोप पोहोचला पाहिजे. तेथे दुकान नाही असे धरून चालावे. उगमाच्या झऱ्यात पाय धुऊ नयेत. खाली वस्तीतले लोक तेच पाणी वापरतात, आणि पुढे सुपा, कद्रा करीत ते कारवारच्या खाडीत पोहोचते.